गोटलोबनं कौतुक केलं त्या दिवशी

आमच्या, दक्षिण जर्मनीतल्या रेम्स नदीच्या खोऱ्यात कुणी कुणाचं कौतुक करत नाही. मुलगा वर्गात पहिला आला तर बाप म्हणतो, "मग शाळेत जातोस कशाला?" शेजाऱ्यानं नवं घर बांधलं तर आपण जाऊन भिंतीवर बोटानं टकटक करतो आणि विचारतो, "ओल येत नाही ना?" जेवणाच्या बाबतीत तर आमची जीभ फक्त खायला आहे, बोलायला नाही. ताट समोर आलं की संपवायचं, पावाच्या तुकड्यानं रस्सा पुसून घ्यायचा, टोपी चढवायची आणि निघायचं. अगदीच मन भरून आलं तर दोन शब्द खर्च करायचे, "खाता येतं." हे ऐकलेली बाई आठवडाभर हवेत असते. शिवी नाही म्हणजे शाबासकी, असा आमचा साधा हिशेब. परगावच्या माणसांना हा खडूसपणा वाटतो. वाटू दे.

रोस्विता या हिशेबातच म्हातारी झाली. ती मूळची वरच्या पठारावरची, जिथं जमिनीत दगड जास्त आणि माती कमी. एकोणिसाव्या वर्षी ती गेबहार्डशी लग्न करून खाली आली आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी 'हिरव्या झाडा'च्या स्वयंपाकघरात उभी राहिली. 'हिरवं झाड' म्हणजे तिच्या सासरची खाणावळ. वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या, ज्या आता कुणी मागत नाही. खाली लाकडी भिंतींची बसायची खोली, कोपऱ्यात हिरव्या फरशांची मोठी शेगडी, तिला लागून बाक आणि बाकापुढं एक गोल टेबल, ज्यावर ठरलेली माणसंच बसतात. चुकून एखादा प्रवासी तिथं टेकला तर त्याला कुणी उठवत नाही. नुसतं बघत राहतात. तो आपोआप उठतो.

सासू पाउलिना ही या स्वयंपाकघराची न्यायाधीश होती. तिनं नव्या सुनेला पहिलं काम दिलं ते बटाट्याच्या कोशिंबिरीचं. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर गरम रस्सा ओतायचा, सिरका, तेल, कांदा घालायचा आणि ढवळायचं. ढवळताना बटाट्यानं मचमच आवाज केला पाहिजे. आवाज आला नाही तर ती कोशिंबीर नव्हे, डुकराचं खाणं. पाउलिनानं तीन दिवस सुनेची कोशिंबीर बादलीत ओतली. चौथ्या दिवशी खाल्ली आणि काही न बोलता दुसऱ्या कामाला लागली. रोस्विता मागच्या दारी जाऊन रडली. आनंदानं रडली हे सांगायला नको.

तेव्हापासून पुढचं सगळं आयुष्य म्हणजे कांदे चिरणं. सोमवारी हाडांचा रस्सा, मंगळवारी आंबट वजडी, गुरुवारी मसूर, शुक्रवारी मांस-पालक भरलेली, उकडलेली पिठाची पाकिटं. मूलबाळ झालं नाही. गेबहार्ड बाग बघायचा, तळघरात वाइन करायचा, आणि संध्याकाळी दांडीचा पेला हातात धरून त्याच गोल टेबलावर बसायचा. दोन वर्षांपूर्वी द्राक्षांची तोडणी संपली आणि तो गेला. बाग भाड्यानं दिली. खाणावळ मात्र चालू राहिली, कारण ती बंद कशी करायची असते हे रोस्विताला माहीत नव्हतं. पाय सुजायचे, जाड मोज्यांत कोंबायचे. पाठ धरायची, ओट्याला टेकायची. सकाळी उठताना पहिला विचार असायचा तो रात्री आडवं कधी होता येईल याचा. हे काही तिनं कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे थकलेल्या माणसाला लोक विचारतात, "मग बाकीचे काय झोपा काढतात का?"

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. सर्दी, खोकला, चार-सहा दिवस अंथरूण. बरी होऊन उठली, कॉफी केली, आणि पहिल्या घोटाला तिला वाटलं कुणीतरी नुसतं गरम पाणी दिलंय. कांदा कापला, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास आला नाही. सिरक्याची बाटली नाकाशी धरली. काही नाही. मीठ जिभेवर ठेवलं तर वाळू. येईल परत, ती स्वतःला म्हणाली. इस्टर आला, बागा हिरव्या झाल्या, आणि नाक-जीभ काही परत आली नाहीत.

एके दुपारी तिनं दाराआड टांगलेला गेबहार्डचा लोकरी स्वेटर खाली काढला. तो तिनं धुतला नव्हता. का, ते कुणीही समजेल. त्यात तोंड खुपसून ती कितीतरी वेळ उभी राहिली. नुसती लोकर होती, टोचणारी. त्या दिवशी तिला खरा धक्का बसला. नवरा दुसऱ्यांदा गेला असं तिला वाटलं, आणि या वेळी कुणी भेटायलाही येणार नव्हतं.

सांगायचं तर कुणाला? नणंद मार्गा होती. गेबहार्डची धाकटी बहीण, बिनलग्नाची, रोज दुपारी खोलीत वाढायचं काम करायची. पण मार्गाला सांगणं म्हणजे गावच्या घंटेला सांगणं. आणि ज्या स्वयंपाकिणीला चव कळत नाही तिच्या हातचं कोण खाईल? उद्या लोक म्हणतील, बंद कर. बंद केलं तर सकाळी उठून करायचं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. रोस्वितानं मूठ झाकून ठेवली.

आणि तिला वाटलं, जमतंय. मिठाची चिमूट हाताला पाठ होती. कोशिंबिरीसाठी कान होते, मचमच ऐकू येत होती. चरबीत पीठ भाजताना डोळे होते, तांबूस झालं की उतरवायचं. आणि शेवटी ताटं होती. स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधे एक छोटी खिडकी आहे. मार्गा तिथून भरलेली ताटं नेते आणि रिकामी परत सरकवते. ताटं चाटूनपुसून स्वच्छ येत होती. कुणी काही बोलत नव्हतं. बोलत नव्हते म्हणजे चांगलं होतं. सगळं आयुष्य तिनं याच एका पुराव्यावर काढलं होतं, मग आता त्यावर अविश्वास कशाला ठेवायचा?

गोल टेबलावर आता दोनच माणसं रोज उरली होती. एक गोटलोब, म्हातारा बागायतदार, कोयत्यासारखा वाकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पाउलिनाच्या काळापासून दुपारचं जेवण इथंच. दुसरा एर्विन, निवृत्त पोस्टमन, बडबड्या. आणि टेबलाखाली गोटलोबचा शोर्श, आखूड पायांचा लांबडा कुत्रा. तो अलीकडे इतका जाड झाला होता की पोट जमिनीला घासायचं.

"याला खायला काय घालतोस?" रोस्विता एकदा खिडकीतून म्हणाली होती.

"वय झालं त्याचं," गोटलोब म्हणाला होता, आणि एर्विनला एकाएकी खोकला आला होता.

तो गुरुवार होता, मसुराचा. रोस्विता पीठ भाजत होती तेवढ्यात मागच्या दाराशी पाववाला आला. पाव घेतले, दोन शब्द झाले, ती परत वळली तर पीठ तांबूसच्या बरंच पुढं गेलं होतं. दुसरी कुणी असती तर तिला दारातच वास आला असता. हिनं कढईत निरखून पाहिलं. जरा काळपट होतं. पण मसूरही काळपटच असतात. सगळं पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा उभं राहायचं. पाय नको म्हणाले. तिनं ते पीठ मसुरात ओतलं, सिरका घातला, सॉसेज वाफवले, आणि ताटं खिडकीतून सरकवली.

थोड्या वेळानं मार्गा वाइन काढायला तळघरात उतरली. ओट्यावर मसुरासोबत वाढायच्या अंडं-पिठाच्या जाड शेवयांचं दुसरं भांडं निवत होतं. मार्गा येईपर्यंत गार होईल म्हणून रोस्वितानं ते स्वतःच उचललं आणि खोलीत आली. एरवी ती जेवणाच्या वेळी बाहेर यायची नाही.

गोटलोबचं ताट जवळजवळ भरलेलं होतं. त्याचा डावा हात टेबलाखाली होता. हातात चमचाभर मसूर आणि सॉसेजचा तुकडा, आणि तो हात खाली कुणाला तरी शोधत होता. पण खाली कुणी नव्हतं. शोर्श त्या दिवशी आलाच नव्हता. गोटलोबला ते आठवलं, आणि त्याच क्षणी समोर रोस्विता दिसली.

तो ताडकन उठला. चमचा खाली पडला.

"छान झालंय," तो म्हणाला. मग त्यानं भर घातली, "फारच छान झालंय, रोस्विता."

एर्विननं डोळे मिटून घेतले.

रोस्विताच्या सासूनं हा शब्द कधी वापरला नव्हता. गेबहार्डनं लग्नाच्या दिवशीसुद्धा वापरला नव्हता. गोटलोबनं तर आपल्या बायकोच्या मयतीला पाद्र्याचं भाषण 'ठीक होतं' म्हटलं होतं. तिनं भांडं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसली.

"कुत्रा कुठंय?"

"घरी."

"का?"

गोटलोब टोपी चाचपू लागला. उत्तर एर्विननं दिलं, कारण गप्प बसणं त्याला जमतच नाही.

"गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याला मीठ बंद. मूत्रपिंडं गेली म्हणाले. डॉक्टर विचारत होते, कुत्र्याला समुद्राचं पाणी पाजता का?"

मार्गा वाइनची सुरई घेऊन वर आली, दारात थबकली आणि तिच्या चेहऱ्यावरूनच रोस्विताला उरलेलं कळलं.

"तूपण?" ती म्हणाली.

"मी काय करणार?" मार्गानं सुरई छातीशी धरली. "कधी खारट, कधी अळणी. एकदा वजडीत साखर. मला वाटलं गेबहार्डच्या दुःखानं हात चळलाय, निवळेल. उरलेलं मी कोंबड्यांच्या बादलीत काढत होते आणि ताट पुसून देत होते."

"माझ्या घरात येऊन माझी ताटं पुसत होतीस? मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुला होतं का? तू तरी कुठं सांगितलंस?"

इतका राग रोस्विताला कित्येक वर्षांत आला नव्हता, आणि तो आला तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. ती ओरडली. तुम्ही मला लुळी-पांगळी समजता का, ती म्हणाली. भीक घालता का मला? पाउलिना असती तर तिनं सगळ्यांसमोर बादलीत ओतलं असतं, आणि मी दुसऱ्या दिवशी नीट केलं असतं! तुम्ही मला रागावलासुद्धा नाहीत!

मग तिनं सगळं सांगितलं. ताप, कॉफी, कांदा. स्वेटरचं मात्र सांगितलं नाही.

एर्विनला वाटलं आता सांत्वन करायला हवं. तो म्हणाला, "अगं, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आम्ही काय जेवायला थोडेच येतो इथं? घरी भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून येतो."

तो चांगल्या मनानं बोलला. पण रोस्विताला ते सुरीसारखं लागलं. जेवायला येत नाही! मग ते कांदे? ती पहाटेची हाडं, ते भाजलेले हात, एकही रविवार नीट न झोपता काढलेलं आयुष्य? नुसती शेगडी पेटवून ठेवली असती तरी चाललं असतं म्हणायचं. एकदम सगळा राग ओसरला आणि त्याच्या जागी थकवा आला. हाडांतून आलेला, जुना, ज्याला तिनं इतकी वर्षं बसायला जागा दिली नव्हती.

"जा आता," ती म्हणाली. "उद्या स्वयंपाक नाही. परवाही नाही."

एर्विन मुकाट्यानं उठला. मार्गा रडवेली होऊन ताटं गोळा करू लागली. गोटलोब तेवढा हलला नाही. त्यानं टेबलाखाली वाकून चमचा उचलला, पुसला, ताटातले मसूर पुन्हा एकदा तोंडात घातले आणि तोंड वाकडं केलं.

"जळलंय," तो म्हणाला. "कडू आहे. हे डुकरालाही घालू नकोस."

रोस्वितानं त्याच्याकडे पाहिलं.

"आणि एर्विन गाढव आहे," गोटलोब पुढं म्हणाला. "तो येत असेल भिंतीला कंटाळून. मी जेवायला येतो." तो गेला.

शुक्रवारी 'हिरव्या झाडा'चं दार बंद होतं. रोस्विता उशिरापर्यंत बिछान्यात पडून राहिली. झोप येईल असं वाटलं होतं, आली नाही. छताकडे बघत ती विचार करत होती की आता पुढं रोज हेच का. शेवटी उठली. खाली आली. करायचं काहीच नव्हतं म्हणून बटाटे उकडायला ठेवले. सवयीनं ठेवले, कुणासाठी नाही.

मागचं दार वाजलं. गोटलोब उभा होता, रविवारचा कोट घालून, हात धुतलेले, ओलेच. इतक्या वर्षांत त्यानं या स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. पाहुण्यानं स्वयंपाकघरात यायचं नाही, असा इथला नियमच होता.

"चव बघायला आलोय," तो म्हणाला. "नाक तुझं बंद आहे, माझं नाही."

"तू खोटं बोलतोस."

"एकदाच बोललो. जमलं नाही."

तिनं त्याला आत घेतलं. बटाटे सोलले, चकत्या केल्या, कालचा रस्सा गरम करून ओतला, कांदा, सिरका, तेल, मीठ. ढवळलं. मचमच झाली. तिनं चमचा भरून त्याच्यापुढं धरला. गोटलोबनं खाल्लं, गिळलं, आणि जन्मभराच्या सवयीप्रमाणे गप्प उभा राहिला.

रोस्विता वाट बघत होती.

"अरे बोल ना, मेल्या! तुझ्या गप्प बसण्यावर मी आता काय करू?"

बिचाऱ्याचा चेहरा लाल झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्यानं कधीच न शिकलेली भाषा बोलायला सांगितली होती. त्यानं आणखी एक घास घेतला, डोळे बारीक केले.

"मीठ... जास्त. नाही, फार नाही. चिमूटभर. सिरका हवा."

तिनं सिरका घातला, वर थोडा रस्सा ओतला, ढवळलं, पुन्हा चमचा धरला.

"आणखी."

पुन्हा घातला. पुन्हा चमचा. आता तो हळू चावत होता. गिळून म्हणाला, "पाउलिना करायची तसं झालं नाही."

रोस्विताचा चेहरा उतरला.

"तसं नाही म्हणजे..." तो अडखळला, कोटाचं बटण ओढू लागला. "तिच्याहून तुझी जरा आंबट असायची. मला तशीच आवडायची. तुझ्यासारखी झालीय. ताप यायच्या आधी व्हायची तशी."

हे खरं की कालच्यासारखं, हे तिला तिच्या जिभेनं कधीच कळणार नव्हतं. आज नाही, उद्या नाही. दुसऱ्याच्या तोंडावर भरवसा ठेवणं, एवढंच हातात होतं. आणि आमच्या खोऱ्यात भरवसा ठेवणं कौतुक करण्याहून अवघड. तिनं ताट घेतलं, गच्च भरलं आणि त्याच्यापुढं आदळलं.

"मग खा. इथंच. माझ्यासमोर. संपवून दाखव."

तो ओट्याशी उभ्यानंच जेवू लागला. ती स्टुलावर बसली आणि त्याचा जबडा हलताना बघत राहिली. त्यानं खोटं बोलणाऱ्यासारखं घाईघाईनं खाल्लं नाही. मधे थांबला, नाक पुसलं, पुन्हा खाल्लं. कडेचा रस्सा पावाच्या तुकड्यानं टिपून घेतला. मग रिकामं ताट तिच्यापुढं धरून तो उभा राहिला.

रोस्वितानं उठायला ओट्याचा आधार घेतला. सुजलेले पाय ठणकत होते. एरवी ती तरीही उठली असती. ताट पुढं आलं की उठायचं, याशिवाय दुसरं काही तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण ती पुन्हा स्टुलावर टेकली, पाठ भिंतीला लावली आणि पाय लांब केले.

"स्वतः वाढून घे," ती म्हणाली.

गोटलोब क्षणभर ताट हातात धरून तसाच उभा राहिला. मग पळी कुठं असते ते शोधायला लागला.